गोलरक्षकाचे माप

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू झाला की छत्रपती संभाजीनगरात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले येऊ लागतात. कोणी परभणीचा, कोणी हिंगोलीचा, कोणी बीड-जालन्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावचा. नेहरू चषकाची हॉकी असो वा निवड चाचणी असो, आघाडीच्या आणि मधल्या फळीतील मुलांना निदान एकदोन सामने खेळवून पाहिले जाते. चेंडू घेऊन पळणारा मुलगा डोळ्यांत भरतो आणि त्याची चर्चाही होते. गोलरक्षकांची पाळी बहुधा शेवटी येते. तोवर उन्हे कललेली असतात, निवड करणारेही थकलेले असतात. मग एकेकाला गोलात उभे करावयाचे, समोरून पाचसहा फटके मारावयास सांगावयाचे आणि ज्याच्या पाठीमागे कमी चेंडू गेले त्याचे नाव यादीत लिहावयाचे, असा हा सोपा व्यवहार असतो. कित्येकदा तर ज्याच्याजवळ स्वतःचे पॅड आणि हेल्मेट आहे तोच गोलरक्षक ठरतो, कारण हे साहित्य महाग आणि गरिबाच्या मुलाला ते मिळवावयाचे कोठून, हा प्रश्न असतो.

या यादीत नाव येणे वा न येणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. विभागातून राज्य पातळीवर गेलेल्या मुलाला दहावी-बारावीत क्रीडागुण मिळू शकतात. पुढे शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीच्या ५ टक्के राखीव जागांचा विचार होतो तेव्हा प्रमाणपत्र कोणत्या पातळीचे, यावर सारे अवलंबून असते. क्रीडा प्रबोधिनीत किंवा विद्यापीठाच्या परिसरातील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात निवड झाली तर राहण्याजेवण्याची सोय होऊन खेळाचा मार्ग मोकळा होतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातील मुलाला याचा अर्थ काय, हे मराठवाड्यात तरी कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. असा निर्णय पाचसहा फटक्यांवर होत असेल, तर त्या पाचसहा फटक्यांची किंमत तरी काय, हे पाहिले पाहिजे.

त्यासाठी थोडे शाळकरी गणित पुरेसे आहे. एक गोलरक्षक असा समजा की, समोरून आलेल्या दर ४ फटक्यांपैकी ३ तो हमखास अडवतो. म्हणजे मुलगा चांगला आहे. त्याला ५ फटके मारले तर १०० चाचण्यांपैकी सुमारे २४ चाचण्यांत तो पाचही अडवील आणि निवड करणारे त्याची पाठ थोपटतील. परंतु तोच मुलगा, तोच हात, तीच नजर असूनही १०० पैकी सुमारे १० चाचण्यांत त्याच्यावर ३ किंवा त्याहून अधिक गोल होतील, आणि तो परतीच्या एस. टी.त बसेल. आता दुसरा मुलगा घ्या. तो दर ५ फटक्यांपैकी ३ च अडवतो, म्हणजे पहिल्याहून स्पष्टपणे उणा. दोघांना प्रत्येकी ५ फटके मारले तर हा उणा मुलगा १०० पैकी सुमारे ४३ वेळा पहिल्याच्या बरोबरीने वा त्याच्याहून सरस ठरेल. नाणे उडवून निवड केली असती तर याहून फार वाईट झाले असते असे नाही, आणि नाण्याला मानधन वा प्रवासभत्ता तरी द्यावा लागत नाही. मात्र त्याच दोघांना हंगामभरात प्रत्येकी १०० फटक्यांना तोंड देऊ दिले आणि हिशेब ठेवला तर चूक १०० त एखाददुसऱ्या वेळीच होईल. निवड करणाऱ्यांची नजर वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्या हाती दिलेला पुरावाच तोकडा असतो.

पण फटके पुष्कळ झाले म्हणजे भागले, असेही नाही. किती गोल झाले हा आकडा मुळातच गोलरक्षकाचा एकट्याचा नसतो. भारतीय हॉकीच्या सुवर्णकाळातील दोन नावे याची साक्ष देतात, आणि दोन्ही नावांशी या मुलखाचा संबंध आहे. पहिला रिचर्ड ॲलन. १९०२ साली नागपुरात जन्मलेला हा गोलरक्षक १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताच्या गोलात उभा होता. ५ सामन्यांत भारताने २९ गोल केले आणि भारतावर एकही झाला नाही. १९३२ साली लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्धच्या २४-१ अशा सामन्यात त्याच्यावर १ गोल झाला. त्या वेळी स्वारी गोल सोडून प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होती, अशी आख्यायिका आहे. १९३६ साली बर्लिनला अंतिम सामन्यात जर्मनीने आणखी १ केला. तीन ऑलिंपिकांत मिळून २ गोल! केवळ आकड्यावर जावयाचे तर याच्याहून थोर गोलरक्षक पृथ्वीच्या पाठीवर झाला नाही, असे म्हणावे लागेल. परंतु ज्या संघात ध्यानचंद आहे आणि जो संघ एका सामन्यात २४ गोल करतो, त्या संघाच्या गोलरक्षकाकडे चेंडू येतच किती वेळा असणार? ॲलन मोठा गोलरक्षक असेलही, नव्हे असावाच. पण तो किती मोठा होता, हे त्या २ गोलांवरून कळत नाही. स्वाक्षऱ्यांची गोष्ट खरी असो वा खोटी, ती रचावीशी वाटली यातच सारे आले.

दुसरे नाव शंकर लक्ष्मण यांचे. महूच्या छावणीतून आलेला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा जवान. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्येही भारतावर एकही गोल झाला नाही आणि भारताने ३८ केले. कागदावर हा पराक्रम ॲमस्टरडॅमचीच पुनरावृत्ती वाटतो. पण त्या ३८ गोलांची फोड पाहा. अफगाणिस्तानविरुद्ध १४, अमेरिकेविरुद्ध १६, सिंगापूरविरुद्ध ६. आणि मग उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध १, अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध १. पहिल्या तीन सामन्यांत गोलात एखादी खुर्ची ठेवली असती तरी भारत जिंकलाच असता. अखेरच्या दोन सामन्यांत मात्र एक चूक पदक घालवू शकली असती. १९६४ साली टोकियोला पुन्हा पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामना १-० असा सुटला तेव्हा भारताच्या गोलात लक्ष्मणच होता. १९६० साली रोमला मात्र त्याच पाकिस्तानने १ गोल करून सुवर्णपदक नेले होते. म्हणजे मेलबर्न, रोम आणि टोकियो या तीन अंतिम सामन्यांत मिळून भारतावर अवघा १ गोल. हे दडपणाखालचे काम होते, आणि ॲलनच्या २ गोलांपेक्षा हा १ गोल कितीतरी अधिक सांगून जातो. पुढे १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व लक्ष्मणकडे आले आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. २००६ साली महूला पायाच्या गँगरीनने हलाखीत त्यांचा अंत झाला, हेही नमूद केले पाहिजे.

आकड्याचा हा अन्याय सर्वांत क्रूरपणे ज्याच्या वाट्याला आला तो मुंबईत कस्टम्समध्ये नोकरीस असलेला मीररंजन नेगी. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीत आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरविले. ७ गोल झाले, म्हणजे गोलरक्षक विकला गेला, असा न्याय देशाने एका संध्याकाळीच देऊन टाकला. देशद्रोहाचे आरोप झाले. त्यांना आधार कधीच सापडला नाही. त्या ७ गोलांपैकी किती वेळा बचावाचे खेळाडू जागेवर होते, किती वेळा पाकिस्तानचा खेळाडू मोकळा सुटून एकट्या गोलरक्षकावर चालून आला, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

आता या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत ऑस्ट्रेलियाने भारताला ७-१ असेच हरविले. गोलात पी. आर. श्रीजेश होता. त्यानंतर ११ दिवसांनी, ५ ऑगस्टला, कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीने त्याच श्रीजेशवर ४ गोल केले. पण भारताने ५ केले होते आणि अखेरच्या काही सेकंदांतील जर्मनीचा पेनल्टी कॉर्नर श्रीजेशने अडविला. ४१ वर्षांनी ऑलिंपिक हॉकीचे पदक देशात आले आणि गोलाच्या आडव्या दांड्यावर चढून बसलेल्या श्रीजेशचे छायाचित्र घराघरांत पोहोचले. ७ गोल घेणारा एक गोलरक्षक देशद्रोही ठरला आणि ७ गोल घेणारा दुसरा राष्ट्रवीर. श्रीजेशचे मोठेपण यामुळे तिळमात्र कमी होत नाही. २०२४ साली पॅरिसला उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळून भारत ४० मिनिटांहून अधिक काळ १० खेळाडूंनिशी खेळला, तरी ब्रिटनशी १-१ अशी बरोबरी राहिली आणि शूटआऊटमध्ये भारत ४-२ असा जिंकला, ते बव्हंशी त्याच्यामुळेच. सांगावयाचे इतकेच की, श्रीजेशला दुसरी संधी अकरा दिवसांत मिळाली. नेगींना ती खेळाडू म्हणून मिळालीच नाही. १९९८ साली बँकॉकला ते गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून गेले, अंतिम सामन्यात आशिष बल्लाळने कोरियाविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक अडवून भारताला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळवून दिले, तेव्हा कोठे त्यांच्या कपाळावरचा डाग पुसला. आणि त्या बल्लाळचे तरी काय झाले? धनराज पिल्ले आणि इतर काही ज्येष्ठ खेळाडूंबरोबर त्यालाही लवकरच संघाबाहेर बसावे लागले. गोलरक्षकाला शिक्षा व्हावयास गोल व्हावेच लागतात असेही नाही.

हा घोळ केवळ आपल्याकडचा नाही. कॅनडा आणि अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळली जाते. तेथे गोल आपल्या हॉकीच्या गोलाहून लहान, १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असतो; गोलरक्षकावर एका सामन्यात साधारणपणे २५-३० फटके येतात आणि त्यांपैकी दहातले नऊ तो अडवतो. तेथील व्यावसायिक लीगमध्ये वेझिना ट्रॉफी हा गोलरक्षकाचा सर्वोच्च सन्मान. अनेक वर्षे ही ट्रॉफी सर्वांत कमी गोल झालेल्या संघाच्या गोलरक्षकाला आपोआप दिली जात असे. म्हणजे बचावफळी भक्कम असलेल्या संघाचा गोलरक्षक झोपाळू असला तरी तोच सर्वश्रेष्ठ! ही चूक उमगावयास १९८१ साल उजाडावे लागले. १९८१-८२ च्या हंगामापासून वेझिना ट्रॉफीचा निर्णय संघांच्या व्यवस्थापकांच्या मतांवर होऊ लागला आणि कमी गोलांसाठी जेनिंग्ज ट्रॉफी या नावाने निराळे पारितोषिक ठेवण्यात आले. संघाचे यश आणि गोलरक्षकाचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा रीतीने अधिकृतपणे मान्य झाले. त्यानंतर आलेल्या फटक्यांपैकी किती टक्के अडविले, हे माप रूढ झाले. पुढे तेही अपुरे वाटू लागले, कारण मध्यरेषेपासून मारलेला सरपटता चेंडू आणि दोन हातांवरून मारलेला चेंडू एकाच तागडीत घालता येत नाहीत. आता तेथे प्रत्येक फटका कोठून, कोणत्या कोनातून, कशा स्थितीत मारला गेला याची नोंद होते. अशा फटक्यावर सरासरीने किती गोल व्हावयास हवे होते आणि प्रत्यक्षात किती झाले, ही वजाबाकी करून गोलरक्षकाची किंमत ठरविली जाते. वर्षाकाठी हजार-दीड हजार फटके खाणाऱ्या गोलरक्षकाबाबतही एका हंगामाचा आकडा पुढच्या हंगामात उलटतो, असा तेथील अनुभव आहे. आणि इकडे पाच फटक्यांत निकाल लागतो.

केवळ मतांवर विसंबले तर काय होते, याचेही उदाहरण फार दूरचे नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडूंची निवड जाहीर केली. गोलरक्षकांचे दोन्ही मान श्रीजेश आणि सविता पुनिया यांना मिळाले. इतकेच नव्हे, सर्वच पारितोषिके भारताकडे आली. राष्ट्रीय संघटनांबरोबरच चाहत्यांनाही मतांचा वाटा होता आणि संख्येत भारताशी कोण स्पर्धा करणार? बेल्जियमच्या हॉकी संघटनेने या पद्धतीबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. ज्या टोकियोत भारताला कांस्य मिळाले तेथेच अंतिम सामन्यात शूटआऊटमध्ये ऑस्ट्रेलियाला रोखून व्हिन्सेंट व्हानाशने बेल्जियमला सुवर्ण मिळवून दिले होते. उपांत्यपूर्व सामन्यात त्याच ऑस्ट्रेलियाच्या महिलांना एकही गोल करू न देणाऱ्या सविताचा मान योग्यच होता, असे येथील कोणीही म्हणेल. व्हानाशपेक्षा श्रीजेश सरस होता काय, याचे उत्तर मात्र मतपेटीतून निघणारे नव्हे.

मग पाहावयाचे तरी काय? जाणते प्रशिक्षक याचे उत्तर देतात ते बहुधा पायांपासून सुरू होते. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. वर्तुळाच्या टोकावरून, १४.६३ मीटरवरून, समोरून फटका येतो आहे आणि गोलरक्षक गोलरेषेवरच उभा आहे, तर त्याला पूर्ण ३.६६ मीटर सांभाळावयाचे आहेत. तोच ३ मीटर पुढे आला तर कोन आकसून हे अंतर सुमारे २.९ मीटर होते. पण फुकट काहीच मिळत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू रेषेवर पोहोचावयास अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळ घेतो. पुढे आलेल्या गोलरक्षकाजवळ तो ०.४२ सेकंदातच येऊन थडकतो. किती पुढे यावयाचे, केव्हा यावयाचे आणि समोरचा फटका न मारता चेंडू बाजूला देईल काय, हा हिशेब त्या मुलाने क्षणार्धात करावयाचा असतो. हा हिशेब अचूक करणारा गोलरक्षक प्रेक्षणीय दिसत नाही. चेंडू त्याच्या पॅडवर येऊन आपटतो आणि पाहणाऱ्याला वाटते, फटकाच सरळ होता. ज्याचा हिशेब चुकतो त्याला सूर मारावा लागतो. सूर साधला की टाळ्या पडतात आणि निवड करणाऱ्याच्या कागदावर खूण होते. सूर मारणे वाईट नव्हे, पण तो अनेकदा आधीच्या चुकीची भरपाई असतो.

अडविलेला चेंडू कोठे गेला, ही दुसरी गोष्ट. पॅडवर लागून चेंडू पुन्हा वर्तुळाच्या मध्यावर प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर पडला तर ते अडवणे अर्धेच. चांगला गोलरक्षक किकरने चेंडू बाजूच्या रेषेकडे धाडतो. तिसरी गोष्ट आवाजाची. सारे मैदान समोर दिसते असा संघातील हा एकटाच खेळाडू. कोण मोकळा सुटला, कोणी डावी बाजू झाकावयाची, हे त्याने ओरडून सांगावयाचे. त्याच्या हाकेमुळे जो फटका मारलाच गेला नाही त्याची नोंद कोणत्याही आकड्यात सापडणार नाही. आणि पाच फटक्यांच्या चाचणीत तर हाक मारावयास समोर बचावफळीच नसते! पेनल्टी कॉर्नरची चौकट, शूटआऊटमधील ८ सेकंद, गोल झाल्यानंतरच्या पुढच्या ५ मिनिटांतील वागणे, यांपैकी कशाचीही परीक्षा तेथे होत नाही.

छत्रपती संभाजीनगरापासून हाकेच्या अंतरावर देवगिरीचा किल्ला आहे. खंदक, ताशीव कडा, अंधारी वाट; दरवाजा राखण्याची कला दख्खनमध्ये याहून पुढे क्वचितच गेली असेल. १२९६ साली अलाउद्दीनाने वेढा दिला तेव्हा रामदेवरायाने शरणागती पत्करली. कोठारात धान्याची म्हणून ठेवलेली पोती उघडली तर आत मीठ निघाले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तटबंदीत खोट नव्हती. तरीही देवगिरी पडली असेच इतिहास लिहितो, कोठार पडले असे लिहीत नाही. गोलरक्षकाच्या नशिबी असाच इतिहास येत असतो, फक्त त्याला शाळेत उद्या पुन्हा जावयाचे असते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. कॅनडाच्या लीगजवळ पैसा आहे, यंत्रे आहेत, माणसे आहेत. मराठवाड्यातील क्रीडाशिक्षकाजवळ बऱ्याचदा हॉकीच्या चार स्टिकाही धड नसतात. कित्येक शाळांचे मैदान म्हणजे मुरुमाचा तुकडा. त्यावर चेंडू खड्ड्यात लागून उसळतो आणि कृत्रिम हिरवळीवर वाढलेल्या मुलाशी तुलना करणेच अन्यायाचे. हे सारे खरे आहे. मात्र येथे यंत्रांची मागणीच नाही. क्रिकेटच्या अगदी गल्लीतल्या सामन्यातही कोणीतरी दगडावर बसून धावफलक लिहितो, आणि तो लिहावयास कोणाला पदवी लागत नाही. हॉकीच्या गोलामागे शाळेतील एखादा मुलगा वही घेऊन बसला, वर्तुळाचे चित्र काढून फटका जेथून आला तेथे फुली मारली, आणि त्यापुढे अडला, गेला, की अडून परत समोर पडला यांपैकी एक अक्षर लिहिले, तर हंगामाच्या अखेरीस त्या वहीत प्रत्येक गोलरक्षकाचे शंभराच्या घरात फटके नोंदलेले असतील. मैदान मुरुमाचे की हिरवळीचे, हेही वरच्या कोपऱ्यात लिहावे. पेनल्टी कॉर्नर वेगळे, मोकळा सुटलेला खेळाडू वेगळा. जाणत्याची नजर बाजूला सारण्याचा यात हेतू नाही. उलट नजरेला जे आठवत नाही ते वही आठवून देते.

प्राधिकरणाच्या केंद्रात मुले वर्षभर मुक्कामास असतात. तेथे अशा नोंदीला प्रारंभ करणे सर्वांत सोपे आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील क्रीडाशिक्षकांना तिचा नमुनाही तेथूनच देता येईल. विभागीय चाचणीला येणाऱ्या मुलाने प्रमाणपत्रांबरोबर आपल्या शाळेची ही वही आणावी; निवड करणाऱ्यांनी ती आधी वाचावी आणि मगच गोलरक्षकांना मैदानावर बोलवावे, तेही सकाळी, सर्वांच्या आधी, पूर्ण बचावफळी समोर उभी करून. चाचणीच्या ठिकाणी पॅड, किकर आणि हेल्मेट यांचे दोन जोड सर्वांसाठी ठेवावेत, म्हणजे ज्याच्याजवळ साहित्य नाही त्याला दुसऱ्याचे घामेजलेले पॅड मागून बांधण्याची आणि चाचणीआधीच ओशाळे होण्याची पाळी येणार नाही. यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढे करावयास नव्या शासकीय निर्णयाची आवश्यकता नाही. एक दोनशे पानी वही आणि गोलामागे बसावयास एक स्टूल लागेल.